गुगलवर पानाचं शीर्षक भलतंच दिसतंय? कुठे बघायचं आणि काय दुरुस्त करायचं

वर्डप्रेसमध्ये एक शीर्षक लिहिलं आणि गुगलच्या निकालात दुसरंच आलं, ही तक्रार नव्या साइटवाल्यांकडून नेहमी येते. बहुतेक वेळा साइट बिघडलेली नसते. पानाच्या टायटल टॅगमध्ये, म्हणजे एचटीएमएल कोडमधल्या पानाचं नाव सांगणाऱ्या ओळीत, लिहिलेलं शीर्षक गुगल विचारात घेतं, पण तेच दाखवेल असं बंधन त्याच्यावर नाही. टॅगपलीकडे जाऊन स्वतः शीर्षक जुळवण्याचं काम ते २०१२ पासून करत आलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यासाठी नवी पद्धत आली आणि जगभरच्या साइटवाल्यांनी ओरड केली. त्यानंतर महिनाभराने गुगलने सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो. तुमचं पान उरलेल्यांत असेल, तर बहुधा त्यामागे शोधून काढता येईल असं कारण असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 'माझं शीर्षक बदलू नको' असं गुगलला सांगणारं कुठलंही सेटिंग नाही. निकालाखालचा उतारा दाखवू नये यासाठी 'नोस्निपेट' टॅग आहे, शीर्षकासाठी तसं काहीही नाही. असं सेटिंग पुरवतो म्हणणारं प्लगइन कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. आपल्या हातात एवढंच आहे की टायटल टॅग, पानावरचा मोठा मथळा आणि त्या पानाकडे येणाऱ्या लिंक या तिघांनी एकच गोष्ट सांगावी, म्हणजे गुगलला दुसरीकडे शोधायचं कारण उरत नाही.

हाताशी काय हवं

- गुगल सर्च कन्सोलचं (आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनाचं) खातं, आणि त्यात साइटची मालकी सिद्ध केलेली. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदवहीत) टीएक्सटी प्रकारची नोंद घालून पूर्ण डोमेन जोडलं तर उत्तम. मग एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि सगळे सबडोमेन एकत्र दिसतात.
- साइटचं अ‍ॅडमिन लॉगिन. नुसतं 'एडिटर' लॉगिन थीम तपासायला पुरत नाही.
- संगणकावरचा ब्राउझर. हे काम मोबाइलवर करत बसू नका.
- एक साधी स्प्रेडशीट: पानाचा पत्ता, टायटल टॅग, मोठा मथळा, गुगलवर दिसलेलं शीर्षक, बदल केल्याची तारीख.

१. नेमकी कोणती ओळ चुकली आहे ते ठरवा

एका निकालात साधारण तीन भाग असतात. सगळ्यात वर छोटं चिन्ह, साइटचं नाव आणि पत्ता. त्याखाली मोठ्या अक्षरांतली, दाबता येणारी ओळ, म्हणजे शीर्षक. त्याखाली दोनेक ओळींचा उतारा. या तिन्हींचे स्रोत वेगळे आहेत. वरचं नाव चुकलं असेल तर या पानाचा टायटल टॅग कितीही बदला, फरक पडणार नाही. त्यासाठी सातवी पायरी बघा. उतारा चुकला असेल तर तो पानावरच्या मजकुरातून किंवा मेटा डिस्क्रिप्शनमधून (कोडमध्ये लिहिलेल्या पानाच्या वर्णनातून) येतो, या लेखाशी त्याचा संबंध नाही.

विशिष्ट पान शोधायला गुगलमध्ये रोमन लिपीत 'साइट', लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता पानाचा पूर्ण पत्ता लिहा. पूर्वी असं व्हायचं की शोधात टाकलेल्या शब्दांनुसार शीर्षक बदलायचं. २०२१ च्या बदलानंतर साधारणपणे तसं होत नाही, त्यामुळे अशा शोधात दिसलेल्या शीर्षकावर बऱ्यापैकी विसंबता येतं.

२. एचटीएमएलमध्ये खरंच काय आहे ते बघा

तुम्ही खोक्यात जे टाइप केलं आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये जे गेलं, ते एकच आहे असं धरून चालू नका. पान उघडा, कंट्रोल-यू दाबून सोर्स बघा आणि त्यात टायटल टॅग शोधा. इथे चार गोष्टी सापडतात.

*टायटल टॅग दोन आहेत.* जुन्या थीममध्ये हेडरच्या फाइलमध्येच टॅग हाताने लिहिलेला असतो आणि एसइओ प्लगइन (शोधनिकालांसाठी पान नीट करणारं, जसं योस्ट) दुसरा टाकतं. वर्डप्रेस ४.१ पासून थीमने फक्त 'टायटल-टॅग'ची सोय आहे असं जाहीर करायचं असतं, टॅग वर्डप्रेस स्वतः छापतं. हेडरमधला हाताने लिहिलेला टॅग काढून टाका. मात्र शोधताना पानाच्या खालच्या भागातही टायटल सापडले तर दचकू नका. एसव्हीजी (कोडमध्ये लिहिलेल्या) चित्रांमध्येही त्याच नावाचा टॅग असतो. तुमच्या कामाचा तो फक्त हेड विभागातला.

*शीर्षक अर्धंच आहे.* आधी रिकामं, मग उभी रेघ आणि पुढे साइटचं नाव. प्लगइनच्या साच्यातला लेखाच्या नावाचा भाग भरला गेला नाही की असं होतं. एका पानावर दिसलं तर त्याच प्रकारच्या सगळ्या पानांवर असण्याची शक्यता आहे. विभागांची आणि टॅगची पानं जरूर तपासा.

*शीर्षक जुनं आहे.* योस्ट किंवा रँक मॅथमध्ये 'एसइओ टायटल'चा खोका वेगळा असतो. त्यात एकदा हाताने काही लिहिलं की नंतर लेखाचं नाव बदललं तरी हा खोका आपोआप बदलत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

*सोर्समध्ये एक आणि टॅबवर दुसरं.* म्हणजे जावास्क्रिप्ट नंतर शीर्षक बदलतं आहे. गुगल पान रेंडर करतं, म्हणजे स्क्रिप्ट चालवून बघतं, त्यामुळे बदललेलं शीर्षक त्याला दिसू शकतं. पण स्क्रिप्ट अडली की मूळचं उरतं. शक्य असेल तर योग्य शीर्षक सर्व्हरकडूनच येऊ द्या.

बदल करूनही सोर्समध्ये जुनंच दिसत असेल तर कॅश प्लगइन आणि सीडीएन (साइटच्या प्रती इतर सर्व्हरवर ठेवणारी सेवा), दोन्हीकडची कॅश, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, रिकामी करा. एकीकडची करून दुसरीकडची विसरणं अगदी नेहमीचं आहे.

३. गुगलने काय वाचलं ते बघा

सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाका. 'यूआरएल इन्स्पेक्शन'चा अहवाल उघडेल. त्यात तीन गोष्टी वाचा.

शेवटचा क्रॉल कधी झाला, म्हणजे गुगलच्या बॉटने पान शेवटचं कधी वाचलं? तुमच्या बदलाच्या आधीची तारीख असेल तर चर्चाच संपली. गुगलने नवं शीर्षक अजून पाहिलेलंच नाही.

गुगलने निवडलेला कॅनॉनिकल पत्ता, म्हणजे सारख्या पानांतला मुख्य मानलेला पत्ता, कोणता? तो दुसऱ्याच पानाचा असेल तर निकालात त्या पानाचं शीर्षक येईल. एकाच वस्तूची दोन-तीन पानं असतात तेव्हा हे हटकून होतं, आणि माणूस भलत्याच पानाचं शीर्षक महिनाभर सुधारत बसतो.

क्रॉल केलेल्या पानाचं एचटीएमएल उघडून त्यातला टायटल टॅग वाचा. तिथे 'एक क्षण थांबा' छापाचं इंग्रजी वाक्य किंवा लॉगिन पानाचं नाव असेल, तर तुमची सुरक्षा यंत्रणा गुगलच्या बॉटलाच दारात अडवते आहे. शीर्षकाशी झगडू नका, फायरवॉलचे नियम बदला. आणि गुगल मोबाइलवरचं पान वाचतं हे लक्षात ठेवा. मोबाइलसाठी वेगळी साइट असेल तर तिथलं शीर्षक मोजलं जातं.

४. कारण ओळखा

एचटीएमएल बरोबर आहे, क्रॉल ताजा आहे, तरीही शीर्षक वेगळं आहे. आता गुगलने ते कुठून उचललं ते शोधा. टायटल टॅगशिवाय ते पानावरचा ठळक मुख्य मथळा, एचवनसारखे हेडिंग टॅग, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर दिसण्यासाठी टाकलेलं ओजी टायटल, मोठ्या अक्षरांतला इतर मजकूर आणि पानाकडे येणाऱ्या लिंकमधले शब्द बघतं. निकालात दिसलेले शब्द पानावर शोधा. बहुतेक वेळा यांपैकीच एका जागी सापडतात, आणि मग कारण उघड होतं.

उदाहरणासाठी रत्नागिरीच्या एखाद्या आंबा बागायतदाराची साइट धरू.

शब्दांची भरताड: 'हापूस, हापूस आंबा, रत्नागिरी हापूस, आंबा ऑनलाइन, हापूस पेटी' असं शीर्षक असेल तर गुगल ते टाकून सरळ मथळा घेईल. घेतलेलंच बरं.

सगळ्या पानांवर तेच शेपूट: 'संपर्क' पानापासून 'दर' पानापर्यंत प्रत्येकापुढे 'रत्नागिरीचे खात्रीशीर हापूस विक्रेते, घरपोच सेवा' लावलेलं असेल तर वेगळेपणा फक्त पहिल्या शब्दात उरतो. हे वाक्य मुख्यपृष्ठापुरतं ठेवा.

शिळं साल: टायटल टॅगमध्ये 'हापूस दर २०२३' आणि मथळ्यात 'हापूस दर २०२४'. मथळा नवा दिसतो म्हणून गुगल तो उचलतं. दरवर्षी बदलणाऱ्या पानांसाठी साल दोन्हीकडे एकाच वेळी बदलायची सवय लावा, नाहीतर टायटलमध्ये साल घालूच नका.

जुळी शीर्षकं: दिवाळी अंकांच्या संग्रहात प्रत्येक पानाचं नाव 'दिवाळी अंक – अनुक्रमणिका' असेल तर गुगल मजकुरातलं साल पुढे जोडू शकतं. ते काम तुम्हीच करा.

मोघम शब्द: 'होम', 'मुखपृष्ठ', 'सेवा', 'माहिती'. यांतून कुणालाच काही कळत नाही.

मथळ्यांची गर्दी: मुख्यपृष्ठावर फिरत्या चित्रांचा स्लायडर, प्रत्येक चित्रावर एचवन, आणि पहिल्यावर 'आपले सहर्ष स्वागत आहे'. मग निकालातही स्वागतच होण्याची शक्यता असते. पानावर एकच मथळा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत वर असू द्या; बाकीचे एचटूवर आणा. स्वागताचं वाक्य साध्या परिच्छेदात टाका.

रोबोट्स फाइलने (बॉटनी कुठली पानं वाचू नयेत ते सांगणाऱ्या फाइलने) अडवलेलं पान: इथे गुगल पान वाचूच शकत नाही, पण बाहेरून लिंक असतील तर त्या लिंकच्या शब्दांवरून शीर्षक बनवून निकालात दाखवू शकतं. पान निकालात नकोच असेल तर रोबोट्स फाइलमधली अडवणूक काढा आणि पानावर 'नोइंडेक्स' (निकालात घेऊ नका असं सांगणारा टॅग) लावा. दोन्ही एकदम लावलं तर नोइंडेक्स वाचायला गुगल आत येऊच शकत नाही.

५. मराठी पानांचे खास घोळ

मजकूर मराठीत आणि टायटल टॅग इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत, ही आपल्याकडची फार जुनी खोड. 'लोक इंग्रजीत टाइप करून शोधतात' हा तर्क त्यामागे असतो. जून २०२२ मध्ये गुगलने जाहीर केलं की शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानाच्या मजकुराशी जुळत नसेल, तर मजकुराच्या भाषेत आणि लिपीत असलेलं शीर्षक निवडण्याची सुधारणा केली आहे. म्हणजे तुमचं रोमन शीर्षक बाजूला पडून पानावरचा देवनागरी मथळा वर येऊ शकतो. इंग्रजीत शोधणारा वाचक हवा असेल तर इंग्रजी मजकुराचं वेगळं पान करा आणि दोन्ही पानं एचरेफलँगने (एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या सांगणाऱ्या खुणेने) जोडा. एकाच शीर्षकात आधी मराठी, मग रेघ, मग तेच इंग्रजीत, असं केलं तर जागा अर्धी होते आणि दोन्ही अर्धवट दिसतात.

एचटीएमएलच्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा संकेत टाकला की हे सुटतं असा एक समज आहे. तो जरूर टाका, स्क्रीन रीडरला आणि ब्राउझरला उपयोग होतो. पण पानाची भाषा ओळखायला गुगल त्यावर अवलंबून राहत नाही, ते मजकूर बघतं.

दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्टमुळे फक्त मराठी दिसतो. टायटल टॅगला फॉन्ट लागू होत नाही, त्यामुळे तिथे अगम्य अक्षरांची रांग दिसते. संस्थांच्या जुन्या साइटवर आजही हे सापडतं. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो, दुसरा उपाय नाही. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. परिवर्तक नेमके तिथेच चुकतात.

शीर्षकात प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसत असतील तर एन्कोडिंग बघा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली हवी आणि कॅरेक्टर सेट सांगणारा मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये हवा. टायटल टॅगच्या आधीच लिहिला की चिंता मिटली.

आणि 'शेतकऱ्यांसाठी', 'दुसऱ्या', 'नोकऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. पण एखाद्या प्लगइनने अदृश्य चिन्हं गाळली तर दुसऱ्या प्रकारात रफार होऊन 'शेतकर्यांसाठी' असं अशुद्ध रूप उमटतं. नुक्त्याचा ऱ वापरा. शब्दशः तुलना करणाऱ्या साधनांना हे दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून टायटल आणि मथळ्यात एकच पद्धत असलेली बरी.

६. शीर्षक लिहा, आणि लांबी रुंदीवर मोजा

टायटल टॅग किती लांब असावा याची सक्तीची मर्यादा गुगलने घातलेली नाही. दाखवताना मात्र उपकरणाच्या रुंदीनुसार ते कापतं. संगणकावर साधारण ६०० पिक्सेल धरून चाला. '६० अक्षरं' हा इंग्रजी लेखांत सापडणारा आकडा देवनागरीला लावू नका. 'प्रक्रिया' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण संगणकाच्या मोजणीत त्यात ९ चिन्हं आहेत: हलन्त, काना, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणून अक्षरं मोजणारं साधन मराठी शीर्षकाला उगाच लाल शेरा देतं. पिक्सेलमध्ये रुंदी मोजणारं, निकालाचा नमुना दाखवणारं साधन वापरा. तेही अंदाजच देतं, पण बरा अंदाज.

कापलं गेलं तरी अर्थ उरावा यासाठी कामाचे शब्द पहिल्या चार-पाच शब्दांत आणा. 'आमच्याकडे मिळणाऱ्या अस्सल रत्नागिरी हापूस आंब्याच्या पेटीचे दर' यात दर अगदी शेवटी आहेत. 'हापूस आंबा पेटी: दर, वजन आणि घरपोच मागणी' असं लिहा. मागे साइटचं नाव हवं असेल तर रेघ किंवा कोलन देऊन थोडक्यात लिहा. वरच्या ओळीत ते दिसतंच, त्यामुळे गुगलने शीर्षकातून ते गाळलं तर वाईट वाटून घेऊ नका. ब्लॉगरच्या जुन्या थीममध्ये आधी ब्लॉगचं नाव आणि मग लेखाचं, असा क्रम असतो. थीमच्या एचटीएमएलमध्ये जाऊन तो उलटा करा.

मथळा टायटलशी तंतोतंत जुळायलाच हवा असं नाही. मथळा थोडा ऐसपैस असला तरी चालतो, मुख्य शब्द तेच हवेत. ओजी टायटलही तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर पसरावं म्हणून तिथे 'हे वाचून थक्क व्हाल' लिहिणाऱ्यांनी ते गुगलवर दिसलं तर तक्रार करू नये.

७. वरच्या ओळीतलं साइटचं नाव

हे नाव ऑक्टोबर २०२२ पासून आधी मोबाइलवर दिसू लागलं. ते पूर्ण साइटचं असतं, एकेका पानाचं किंवा फोल्डरचं नसतं, आणि मुख्यतः मुख्यपृष्ठावरून ठरतं. मुख्यपृष्ठावर 'वेबसाइट' प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा (शोधयंत्रासाठी ठराविक रकान्यांत लिहिलेली माहिती) हवा. त्यात नाव आणि पत्ता हे दोन रकाने आवश्यक. पर्यायी नाव द्यायचीही सोय आहे. मुख्य नाव देवनागरीत दिलंत तर पर्यायी रोमन लिपीत ठेवता येतं. मुख्यपृष्ठाच्या टायटलमध्ये, मथळ्यात आणि ओजी साइटनेममध्ये तेच नाव असू द्या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, तिथे साइट टायटल बघा. जुन्या साइटवर तिथली इंग्रजी टॅगलाइन अजून तशीच पडून असते. 'उत्तम हापूस आंबे' असं सर्वसामान्य नाव दिलं तर ते निवडलं जाण्याची शक्यता कमी. गुगलला खात्री वाटली नाही की नुसतं डोमेन दिसतं.

८. पीडीएफ विसरू नका

परिपत्रकं, अर्जाचे नमुने, वार्षिक अहवाल पीडीएफमध्ये चढवले जातात आणि निकालात 'मायक्रोसॉफ्ट वर्ड – डॉक्युमेंट १' असं काहीतरी झळकतं. पीडीएफला टायटल टॅग नसतो. गुगल फाइलच्या गुणधर्मांतलं शीर्षक आणि त्या फाइलकडे येणाऱ्या लिंकचे शब्द बघतं. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, तिथे टायटलचा रकाना भरा आणि मगच पीडीएफ बनवा. साइटवर लिंक देताना 'इथे क्लिक करा' न लिहिता 'सभासद नोंदणी अर्ज' असं लिहा.

९. पुन्हा वाचायला सांगा, आणि थांबा

सोर्समध्ये नवं शीर्षक दिसल्याची खात्री करून यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून वेग वाढत नाही, शिवाय रोजच्या विनंत्यांना मर्यादा आहे. म्हणून महत्त्वाची पानं आधी घ्या. बदल दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, साइटच्या नावाला आणखी वेळ लागू शकतो. या काळात शीर्षक परत बदलू नका, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

नंतर सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात फिल्टर लावून फक्त ते एक पान निवडा आणि बदलाआधीचे २८ दिवस नंतरच्या २८ दिवसांशी ताडून पाहा. क्लिकचं प्रमाण बघताना सरासरी क्रमांकही बघा. पान तिसऱ्यावरून आठव्यावर गेलं असेल तर क्लिक घटल्याचं खापर शीर्षकावर फोडण्यात अर्थ नाही. हंगामी वस्तूंत ही तुलना फसते: एप्रिलचा हापूस जुलैशी ताडू नका, गेल्या वर्षीच्या एप्रिलशी ताडा. अहवालात १६ महिन्यांचा तपशील मिळतो, तेवढ्यासाठी पुरेसा आहे.

सगळं करूनही गुगल स्वतःचंच शीर्षक दाखवत असेल, तर ते नीट वाचा. पानाचं वर्णन बरोबर करत असेल आणि क्लिक घटले नसतील तर सोडून द्या. दिशाभूल करणारं असेल, तर चौथ्या पायरीवर परत जाऊन ते शब्द पानावर कुठे आहेत ते शोधा. पानावर नसतील तर बाहेरच्या लिंकमध्ये असतील. ज्यांनी ती लिंक दिली त्यांना शब्द बदलायची विनंती करा.

बिंगही शीर्षकं बदलतं. त्याचं स्वतंत्र वेबमास्टर टूल्स आहे, त्यात सर्च कन्सोलमधून साइट थेट आणता येते, आणि डकडकगोचे बरेचसे निकाल बिंगकडून येत असल्याने तिकडची डागडुजीही त्यातच होऊन जाते.